दर मंगळवारचा कच्चा फोटो

१ नोव्हेंबर, शनिवार

संजनाने आज माझ्या मोबाईलमध्ये कच्चा फोटो काढायचं बटण चालू करून दिलं. रॉ म्हणतात त्याला. मी विचारलं, कच्चा म्हणजे काय गं? तर म्हणाली, "आजी, तू नेहमी काढतेस ना, तो फोटो मोबाईल स्वतःच शिजवून देतो. गोरं करतो, सुरकुत्या पुसतो, आभाळ निळं करतो. रॉमध्ये तो कशाला हात लावत नाही. जे दिसलं ते तुझ्या पुढ्यात टाकतो. शिजवायचं तू."

मी म्हटलं, मग सोपंच आहे. पन्नास वर्षं दुसरं काय केलं?

दोघी गच्चीवर गेलो. मी सगळ्याचे फोटो काढले — निवडायला घेतलेली मेथी, पाण्याची टाकी, समोरच्यांची वाळत घातलेली गोधडी. कच्चा फोटो दिसायला अगदीच कळाहीन. मळकट, अंधारलेला. मला वाटलं बिघडला. संजना म्हणाली थांब. तिने माझं बोट धरून फोटोखालच्या उजेडाच्या पट्टीवरून सरकवलं, अन् टाकीखालचा अंधार हळूहळू उजळला. तिथे मांजरीची तीन पिल्लं! आम्ही दोघी टाकीपाशी उभ्या होतो, आम्हाला दिसली नव्हती. फोटोत होती. मी इतकी हसले की खालून ह्यांनी आवाज दिला, काय झालं म्हणून.

खाली येऊन ह्यांना दाखवलं. दिवाळीपासून हे पिवळे पडलेत, पडूनच असतात. पण उठून बसले, चष्म्यावर भिंग धरून पाहिलं.

"कच्चा म्हणजे ह्यात कुणी कारागिरी केलेली नाही?"

"नाही आजोबा. कॅमेऱ्याने पाहिलं तेवढंच."

"मग माझा काढा. दर मंगळवारी. कावीळ उतरते का चढते ते कळू दे. तुम्ही सगळे तोंडावर बरं दिसतंय, बरं दिसतंय करता. मला पुरावा पाहिजे."

अठ्ठावीस वर्षं ओझरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. विमानाचे सुटे भाग तपासायचे. केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो. घरीसुद्धा तेच. माझी भाकरी एका बाजूने जाड झाली की बोटाने दाबून दाखवायचे.

संजना सांगत होती, फोटोत चेहऱ्याशेजारी एक पांढरा कागद धरा, म्हणजे रंग खरा आला की खोटा ते कागदावरून कळतं. हे एकदम खूश. म्हणाले, "पोरगी कामाची आहे."

२ नोव्हेंबर, रविवार

काल आनंदात लिहिलं. आज लिहायचं ते लिहवत नाही. पण बोलायचं कुणाशी?

ही वही हे वाचणार नाहीत. सटाण्याला चौथीत शाळा सुटली माझी. लग्नानंतर ह्यांनीच पाटी दिली, मग वही दिली. रोज चार ओळी लिही म्हणाले, काहीही लिही. अन् दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं नसतं हेही तेच म्हणाले. इतक्या वर्षांत एकदाही उघडली नाही त्यांनी.

तर — कावीळ नाही ती. म्हणजे आहे, पण तिच्यामागे गाठ आहे. स्वादुपिंडात. डॉक्टरांनी संघर्षला सांगितलं. त्याने मला गंगापूर रोडच्या दवाखान्याखाली, गाड्या लावतात तिथे सांगितलं. "आई, बाबांना कळू द्यायचं नाही. साधी कावीळच सांगायची. हाय खातील ते."

गाठ निघणार नाही. पण तोंडातून आत एक नळी बसवतात. ती बसली की पिवळेपणा उतरतो, खाज थांबते, माणूस खायला लागतो. महिन्याच्या आत बसवायला हवी. मी विचारलं, मग किती?

"नळी बसली तर सात-आठ महिने चांगले जातील."

"अन् नाही बसली तर?"

माझ्या पोराने हेल्मेट घालून टाकलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला फोटो. ह्यांनी खिडकीशी खुर्ची लावायला लावली, दिवा बंद करायला लावला. कागदावर स्वतः तारीख घातली, छापल्यासारखी. कागद गालाला लावून बसले, जणू पोलिसांनी धरलंय. मी हसले तर म्हणाले, "हसू नको, हात हलतो तुझा."

फोटो उघडला. कागद पांढराशुभ्र. शेजारी हे. डोळे तर लिंबाच्या सालीसारखे.

भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग मोबाईल माझ्याकडे दिला.

"चढलीये."

दुपारी जेवले नाहीत.

५ नोव्हेंबर

नाही जेवले. संजना पुण्याला गेली, कॉलेज सुरू झालं तिचं. जाताना आजोबांच्या पायाशी बसून राहिली. तिला फक्त कावीळच माहीत आहे.

६ नोव्हेंबर

अर्धी वाटी पेज.

९ नोव्हेंबर, रविवार

सटाण्याहून माझी बहीण नवसाबाई आली. काविळीची माळ घेऊन! कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवलेले. गळ्यात घातली की माळ रोज लांबत जाते अन् कावीळ उतरत जाते म्हणे.

हे म्हणाले, "नवसाबाई, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. तुम्ही मला मुळ्या घालता?"

"भाऊजी, काविळ शे ना, उतरी जाई. घाला हो. मन्हासाठी घाला." अन् डोळ्याला पदर.

घातली. तिच्यापुढे अर्धा तास घालून बसले, चहा पाजला तिला. तिची रिक्षा कोपऱ्यावर वळली तशी काढली अन् खिडकीच्या गजाला अडकवली.

"गजाची उतरली की मला सांग."

किती दिवसांनी हसलो दोघं. पण हसताना पाहिलं, दात पांढरे दिसतात त्यांचे. एवढे पांढरे कधीच नव्हते. बाकी सगळं पिवळं झालंय म्हणून.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी एक केलं.

दुसरा फोटो काढला. गेल्या वेळेपेक्षा जास्त पिवळा. हे म्हणाले आण इकडे. मी म्हटलं, थांबा, दूध उतू जाईल. अन् स्वयंपाकघरात मोबाईल घेऊन उभी राहिले. पाच दिवस झाले, हा माणूस पेजेवर आहे. आज हे पाहिलं तर तीही जाईल.

संजनाला फोन लावला. म्हटलं, मेथीचा फोटो पिवळा आलाय, पिवळा कसा कमी करू? तिने सांगितलं, निळ्या-पिवळ्याची पट्टी आहे ती निळ्याकडे ने. नेली. तर भिंत निळी, कागद निळा, पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त झाल्यावर होतं ना तसं. अन् हे पिवळेच! सगळं जग निळं झालं तरी ह्यांचं पिवळं हटेना. म्हणजे उजेडात नाहीच ते. ते त्यांच्यात आहे. मला माहीत होतं, पण असं बोटाने सरकवून पाहिलं नव्हतं.

परत फोन. संजना म्हणाली, "मग तेवढीच जागा बोटाने रंगव आजी, नुसत्या पानांवर बोट फिरव, तेवढ्यावरच काम होईल. रॉ आहे, रंगाचे डाग दिसणार नाहीत."

मग ह्यांच्या कपाळावरून बोट फिरवलं. गालावरून. नाकावरून, कानाच्या पाळीपर्यंत. इतक्या वर्षांत असा हात फिरवला नव्हता कधी. फार नाही काढला पिवळा. किंचित. गेल्या मंगळवारपेक्षा जरासा कमी दिसेल एवढाच.

ह्यांनी आधी कागद पाहिला — पांढरा. भिंत पाहिली — बरोबर. मग डोळ्यांवर भिंग धरलं. मी पदराचं टोक धरून उभी.

"उतरतेय," म्हणाले. "थोडी, पण उतरतेय."

दीड भाकरी खाल्ली, मुळ्याच्या पाल्याबरोबर! वर उसाचा रस मागितला. मी स्वतः कोपऱ्यावर जाऊन आणला. येताना गाणं गुणगुणत होते मी, खरंच.

१३ नोव्हेंबर

खाज फार. हातांना मोजे घालून बसतात. म्हणाले, "उतरताना खाजणारच."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा फोटो. आता जास्त काढावा लागतो. खरा चेहरा एकीकडे चाललाय अन् माझा दुसरीकडे, दर आठवड्याला अंतर वाढतंय.

तासभर गच्चीवर बसून केला. हात बसलाय आता. डोळ्यांचं पांढरं करंगळीने, मोबाईलवर चेहरा मोठा करून. ओठ वेगळे. कागद धरलेली बोटंही केली, नाहीतर चेहरा बरा अन् हात पिवळे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. पूर्वी कारखान्याच्या पँटला रफू करायचे मी, दोरा कुठे सुरू झाला कळायचं नाही. तसंच आहे हे. चांगलं जमलं की बरं वाटतं, काय लपवू? जमल्याचा आनंद होतो. मग आठवतं कशाला करतेय.

ह्यांनी तिन्ही फोटो एकापुढे एक पाहिले अन् मित्राला, सोमनाथ भाऊंना फोन लावला. "सोमनाथ, सहा डिसेंबरला मी येतोय. तिकीट काढून ठेव."

सहा डिसेंबरला चैत्यभूमी. कारखान्यातली सगळी मंडळी मिळून जातात. एक वर्ष चुकवलं नाही ह्यांनी.

संध्याकाळी संघर्ष आला. नळीची तारीख घेतली होती त्याने, चोवीसची. सांगितलं की कावीळ लवकर उतरायला एक छोटी नळी बसवतात.

"उतरतेय की. नळी कशाला?"

"बाबा, डॉक्टर म्हणतात —"

"डॉक्टरचं सोड. हे बघ." मोबाईल पुढे केला. "चार तारीख. अकरा. अठरा. कच्चे आहेत, हात न लावलेले. काय दिसतं?"

संघर्षने फोटो पाहिले. मग बापाकडे पाहिलं. "फोटोवर काय जाता, बाबा?"

"मग कशावर जाऊ? तुझ्या बोलण्यावर?"

तो खरं बोलू शकत नाही, मी खरं दाखवू शकत नाही. अन् ज्याला फसवतोय तो एकटाच आमच्यात खरा.

स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, हे मोबाईल सगळ्यांनाच गोरं करतात. तू सांग ना बाबांना. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, सांगते.

२२ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज नळीची तारीख होती. गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज ठरवलं होतं, फोटो आहे तसाच दाखवायचा. खरोखर ठरवलं होतं. कच्चा उघडून पाहिला — आता पिवळासुद्धा नाही राहिला, हिरवट झाक मारतोय, जुन्या पितळेसारखा. कागदावरची तारीख वाकडी. पहिल्या मंगळवारची अन् आजची एका माणसाने लिहिली वाटत नाही.

मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेले. तर हे पलंगावर बसून पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. सहा तारखेसाठी. उभं राहवत नाही म्हणून मांडीवर उशी घेऊन, उशीवर सदरा पसरून. कॉलर दोनदा केली.

"दाखव," म्हणाले.

मी म्हटलं, बॅटरी संपली, चार्जिंगला लावते. अन् गच्चीवर गेले.

पुन्हा केला.

३० नोव्हेंबर, रविवार

संडासापर्यंत जाताना भिंत धरतात. म्हणतात, "अशक्तपणा आहे. फोटोत तर चेहरा भरलाय." भरलाय, कारण गालाखालची सावली मी उजळवली. तेवढीसुद्धा राहू दिली नाही.

संघर्षने परत तारीख विचारली डॉक्टरांना. परवाची देत होते. हे म्हणाले सात तारखेची घ्या, मुंबईहून आल्यावर. हट्टाने.

ह्यांचा हट्ट नाही हा. माझ्या बोटाने केलेला हट्ट आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ताप भरला. हुडहुडी इतकी की पलंग वाजत होता. दोन गोधड्या घातल्या, मी वरून मिठी मारून बसले तेव्हा कुठे थांबली. अन् थांबल्या थांबल्या काय म्हणाले? "आज मंगळवार ना. फोटो."

काढला. कागद त्यांच्या हातून दोनदा पडला. मग मीच धरला.

गच्चीवर नाही गेले. तिथेच पलंगावर बसले, म्हटलं, अहो, माझ्याकडून चूक झाली. अन् आजचा दाखवला. मग मागचे काढले. मोबाईलमध्ये फोटोवर बोट दाबून ठेवलं की मूळचा दिसतो, बोट उचललं की मी केलेला. तसं करून दाखवलं.

मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. दाबलं, उचललं. दाबलं, उचललं. अकरा तारीख. अठरा. पंचवीस. मला वाटलं आता फेकतील. फेकला असता तर बरं झालं असतं.

"हे तू केलंस? एकटीने?"

मी मान हलवली.

"डोळ्यांची कड कशी सोडवलीस?"

"करंगळीने."

परत पाहिलं, भिंग मागितलं. भिंगातून पाहिलं. "काम साफ आहे," म्हणाले. "कुठे धरता येत नाही. पण पास करता येणार नाही, लता."

मला रडू फुटलं. त्यांनी मोजे घातलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. मग म्हणाले, "साधी कावीळ नाही ना ही?"

मी नाही म्हटलं.

नाव नाही विचारलं त्यांनी. म्हणाले, "संघर्षला फोन लाव. नळीला तयार आहे म्हणावं. आजच न्या."

४ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

नळी बसवता येणार नाही. विष रक्तात पसरलंय, रक्त गोठत नाहीये, आत काही घातलं तर थांबणार नाही. डॉक्टर संघर्षला म्हणाले, पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं. चांगला माणूस आहे डॉक्टर, हळू आवाजात म्हणाला. पण मी ऐकलं.

पुण्याहून संजना थेट इथेच आली. आजार कधीपासून कसा वाढला ते डॉक्टरांना दाखवू म्हणून तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला. उघडला अन् थबकली. तिला काय, एका नजरेत कळलं.

"आजी. तू मेथीचा फोटो म्हणाली होतीस."

तिच्या मागे संघर्ष उभा होता. त्याने तिच्या हातातला मोबाईल पाहिला. दाबलं, उचललं. माझ्याकडे पाहिलंही नाही. जिना उतरून खाली गेला. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

बरोबरच आहे त्याचं. उद्या त्याला सगळं सांगायचं. अकरा तारखेपासून सगळं. मग काय म्हणायचं ते म्हणू दे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सांगायला गेले, तर ह्यांनी त्याला आधीच सांगून टाकलं होतं. आवाज उरलेला नाही, तरी बोलले. म्हणे, "तुझ्या आईकडून मीच करून घेतले ते फोटो. मला सगळं माहीत होतं. सहा तारखेला जायचं होतं, तुम्ही लोकांनी सोडलं नसतं. ती नाही म्हणत होती, मीच ऐकलं नाही. तिला बोलायचं नाही."

संघर्ष माझ्यापुढे खाली बसला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "आई, किती जड गेलं असेल गं तुला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते.

मी काही बोलले नाही.